तु आणि कु

स्वतःच्या जिभेचा इतका सखोल अभ्यास केलेला माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात माझ्या साडूंखेरीज दुसरा झालेला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक जिभेचे चोचले पुरवतात, कोणी तिला लगाम घालतं, आणि बहुतेकांना तर आपल्याला जीभ आहे हे ती दाताखाली सापडेपर्यंत आठवतही नाही. आमच्या साडूंनी मात्र वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आपली जीभ नव्यानं विकत घेतलेल्या शेतासारखी पायाखाली घातली. तिचा उतार कुठं आहे, शेंडा किती कामाचा आहे, बूड किती आळशी आहे, डावं अंग उजव्यापेक्षा जड आहे की काय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणत. वर्ध्याच्या मुख्य बाजारात त्यांचं आजोबांपासून चालत आलेलं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात गल्ल्यामागे, पितळेच्या गुंडांच्या, म्हणजे घागरींच्या, आडोशाला, बांबूची एक बासरी कायम उभी असते.

दुकानात आरसा नव्हता. पण भांड्यांच्या दुकानात आरशावाचून कोणाचं अडतं? नवी कोरी स्टीलची परात समोर धरून भाऊजी जीभ बाहेर काढत, आत घेत, टाळूला लावत, पुन्हा बाहेर काढून तिचा शेंडा थरथरतो का ते बघत. एकदा परातीच्या पलीकडे एक बाई उभ्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी नुकताच एका डब्याचा भाव कमी करायला सांगितला होता. "घासाघीस केली तं जीभ दाखवून राह्यले मले!" असं म्हणून त्यांनी अशी काही आरडाओरड केली की शेजारचा कापडवाला मापाची पट्टी हातात घेऊन धावत आला. माझी मेहुणी, म्हणजे ताई, आतून आल्या आणि म्हणाल्या, "नाई हो बाई, थे बासरीचं हाय." बाईंनी भाऊजींच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बासरी कुठं हाय मंग?" त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. बाई डबा न घेताच गेल्या.

बासरी त्यांनी उशिरा, पंचेचाळिशी उलटल्यावर, एका यात्रेत घेतली. त्याआधी त्यांच्या ओठांवर दोनच गोष्टी असत, मिशा आणि खर्रा. आमचा जिल्हा दारूबंदीचा. पण खर्ऱ्यानं ती कसर पुरेपूर भरून काढली आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून दिवसातून आठ वेळा गालात धरायचा, हा भाऊजींचा तीस वर्षांचा नेम होता. मिशा फुंकेच्या आड येतात म्हणून एका सकाळी त्यांनी त्या काढून टाकल्या. दार उघडणाऱ्या ताईंनी "कोण पाह्यजे?" असं विचारलं आणि ओळख पटल्यावर दोन दिवस अबोला धरला. पण बासरीचा नाद खरा होता. दर गुरुवारी संध्याकाळी हनुमान मंदिराच्या सभामंडपात खंजिरी भजन चालतं, तिथल्या मंडळात ते साथीला बसू लागले. सुरुवातीचा संथ आलाप ते असा वाजवत की चपला शोधायला उठलेली माणसं पुन्हा बसत.

घोडं अडायचं ते शेवटच्या कडव्याला. मंडळाचे बुवा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पहिली कडवी खड्ड्यांतून गाडी काढावी तशी सांभाळून चालत. शेवटचं कडवं आलं की मात्र डेपोचं फाटक दिसल्यासारखे ते सुसाट सुटत. खंजिऱ्या कडाडायला लागत आणि एकेका मात्रेत चार-चार सूर तोडून वाजवायची वेळ येई. भाऊजींची जीभ त्या घाईत चिखलात रुतलेल्या बैलासारखी जागच्या जागी पाय हलवत राही. एका गुरुवारी भजन संपल्यावर बुवांनी घाम पुसत, सगळ्यांच्या देखत, पण अगदी प्रेमानं सांगितलं, "शेठ, शेवटच्या कडव्याले तुम्ही बासरी मांडीवर ठेवत जा. मांगं राहून जाते थे."

भाऊजी हसले. "बराबर हाय," म्हणाले. परतताना मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो.  माझ्या दारात मी उतरलो तेव्हा त्यांनी स्कूटर बंद केली आणि विचारलं, "मास्तर, खरंच मांगं राहून जातो का मी?"

मला सुरातलं काही कळत नाही. पण वेळेतलं कळतं. मी म्हणालो, "थोडं राहता."

पुढचे सात-आठ गुरुवार ते शेवटच्या कडव्याला बासरी मांडीवर घेऊन बसले. हात जोडून बसलेल्या माणसासारखे दिसत. पण त्यांचा चेहरा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा होई, आणि मी रोज असे चेहरे बघतो म्हणून मला तो बघवत नसे.

अशात एके दिवशी दुकानात मॅडम आल्या. मॅडम मूळच्या गोव्याच्या. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टर म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांना मासळीच्या आमटीसाठी पसरट, रुंद तोंडाचं पातेलं हवं होतं, आणि वर्ध्यात मिळतं ते प्रत्येक पातेलं वरणाच्या हिशेबानं घडवलेलं. भाऊजी बासरी काखेत घेऊनच माळ्यावर शोधायला गेले आणि पातेल्याबरोबर सवयीनं बासरीचे दोन सूरही वरून खाली आले. मॅडमनी लहानपणी गावातल्या चर्चच्या बँडमध्ये सात वर्षं बासरी वाजवली होती, आडवी, चांदीच्या रंगाची, बटणांची. भाऊजींनी आपली अडचण सांगितली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही एकट्या टोकावर सगळं ओझं टाकताय. 'तु' म्हणा बघू. जिभेचं टोक दातांमागे लागलं ना? आता 'कु' म्हणा. आता जिभेचं बूड वर गेलं. टोक परत येईपर्यंत बुडानं मारायचं, बूड परत येईपर्यंत टोकानं. तु-कु-तु-कु. दुप्पट वेग." आणि त्यांनी भाऊजींची बासरी मागून घेऊन, परक्या वाद्यावर अडखळत का होईना, सुरांची अशी एक लड सोडली की भाऊजींच्या हातातलं झाकण खाली पडलं.

त्या संध्याकाळी ते थेट माझ्या घरी आले. चहासुद्धा घेतला नाही. "पन्नास वर्षं मागची जीभ फुकट खाऊन राह्यली, मास्तर!" ते म्हणाले. "अर्धं काम तिच्याकडे होतं, अन् मले कोणी सांगतलंच नाई!"

त्यानंतर भाऊजींनी मागच्या जिभेला कामाला लावलं. झोपेतून उठल्यापासून ते तु-कु करत. स्कूटरवर हेल्मेटच्या आत तु-कु चाले आणि काचेवर आतून दव धरे. ज्या शब्दांत त आणि क शेजारी येतात, ते सगळे शब्द त्यांचे सोयरे झाले. ते ताक मागत, ताक न पिता नुसतं मागत. एसटीत कंडक्टरला "तिकीट, तिकीट, तिकीट" असं तीनदा म्हणत आणि तीन तिकिटं हातात पडत. ताई म्हणत, "घरात बोलायले याह्यले एक जीभ पुरत नाई, अन् बासरीले दोन-दोन!" सेलूला एका नातेवाइकाच्या तेरवीत ते डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसले होते. शेजारचे म्हातारबुवा आदरानं वाकून म्हणाले, "कोणता मंत्र म्हणून राह्यले जी? मलेबी सांगा." भाऊजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी खरं ते सांगितलं. पान वाढेपर्यंत ते दोघंही डोळे मिटून तु-कु करत होते, आणि तेरवीच्या यजमानांनी लांबून दोघांना नमस्कार केला.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो नावं टाकण्यात. लग्नाच्या भांड्यांवर नाव कोरायचं त्यांच्याकडे एक छोटं यंत्र आहे, टर्रर्र आवाज करणारं. त्या तालावर जीभ आपोआप चालू लागते, असा त्यांना शोध लागला होता. देवळीकडच्या एका कुटुंबाची भांडी होती. नाव टाकायचं होतं 'सौ. कुसुम'. भाऊजींची जीभ चालू होती, जिभेबरोबर हात चालू लागला, आणि पाच पातेल्यांवर, दोन घागरींवर आणि एका पोळीच्या डब्यावर 'सौ. कुकुसुम' असं सुंदर वळणदार अक्षरांत उमटलं. ती माणसं चिडतील म्हणून ताई बदली भांडी काढून ठेवून वाट बघत बसल्या. पण नवरीची आई डबा फिरवून-फिरवून बघत म्हणाली, "राहू द्या. असंबी चांगलं वाटते." ती मुलगी आता सासरी कुकुसुमबाई म्हणून ओळखली जाते, असं मी ऐकून आहे.

या सगळ्यात माझं काम घड्याळाचं होतं. मी एका गुरुवारी मंडळात बसून मनगटाआड चोरून वेळ लावली. बुवांचं शेवटचं कडवं बावीस सेकंदांत संपे. भाऊजींनी तो आकडा देवाच्या तसबिरीखाली खडूनं लिहून ठेवला. दर रविवारी चार वाजता मी दुकानाच्या माळ्यावर जायचं, ते कडवं वाजवणार, मी वेळ सांगणार, असं ठरलं. माळा भांड्यांनी इतका भरलेला की मला लाकडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभं राहावं लागे. भाऊजी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून वाजवत. "तुमचं तोंड पाह्यलं का मले शाळा आठवते," म्हणत. रेकॉर्डिंग त्यांना मुळीच खपत नसे. एकदा फोनवर स्वतःचं वाजवणं ऐकून त्यांनी आठ दिवस बासरीला हात लावला नव्हता. म्हणून मी आणि माझं घड्याळ. पहिल्या रविवारी एक्केचाळीस सेकंद झाले. मग छत्तीस, तेहेतीस, एकोणतीस. मंडळात ते शेवटच्या कडव्याला अजून मांडीवर बासरी ठेवूनच बसत. बावीस झाल्याशिवाय उचलायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि कोणाला काही सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. खरं सांगायचं तर मला कंटाळा येई. माझी रविवारची झोप जाई, आणि तेच कडवं त्याच भिंतीवर आपटून परत येताना ऐकून माझं डोकं उठे. एक मात्र झालं. खर्ऱ्यानं जीभ सुकते असं मॅडमनी सांगताच, ताईंच्या तीस वर्षांच्या कटकटीनं सुटला नाही तो खर्रा भाऊजींनी एका दिवसात सोडला.

सव्वीस सेकंदांवर गाडी अडली. पुढचे तीन रविवार सव्वीसच. मॅडम महिन्या-दोन महिन्यांतून दुकानात डोकावत. त्या आल्या तेव्हा भाऊजी म्हणाले, "मॅडम, 'तु' मस्त येते. पण 'कु'कडे जाताना या अंगाले जरासं खुपते."

"तोंड उघडा," मॅडम म्हणाल्या. फोनचा उजेड पाडून त्यांनी कागदी रुमालानं त्यांच्या जिभेचं टोक धरलं आणि ती एका बाजूला वळवली. मी गल्ल्याशेजारी उभा होतो. मॅडमनी पुन्हा एकदा जीभ वळवून उजेड जवळ नेला, तेव्हा मीच विचारलं, "काय आहे?"

त्यांनी भाऊजींनाच विचारलं, "किती दिवस झाले याला, काका?"

"होईन दोनेक महिने. प्रॅक्टिसनं घासलं असंन."

"सरावानं असं होत नाही." त्यांनी फोन बंद केला. "उद्या नऊ वाजता दवाखान्यात या. मी दारातच उभी असेन."

त्या खरोखरच दारात उभ्या होत्या. जिभेच्या काठावर पांढरट, मध्ये लालसर असा एक चट्टा होता. त्याचा कण काढून तपासायला पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. कॅन्सर होता. लहान होता, सुरुवातीचा होता, पण होता. भाऊजी कागद उलटा-सुलटा करत म्हणाले, "तीस वर्षं खर्रा खाल्ला तवा काही नाई झालं, अन् सोडल्यावर झालं. काऊन?" ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी केला आणि पर्समध्ये ठेवला, जणू तिथं तो गप्प बसेल.

सर्जननी समजावून सांगितलं की जिभेचा तो काठ, टोकाच्या भागासकट, काढावा लागेल. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, माझा 'तु' जाईन का 'कु'?"

सर्जननी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्या सर्जनचं मला कौतुक वाटतं; ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बोलणं थोडं बदलेल, पण बोलता येईल. जेवता येईल. पण तुम्ही म्हणता तो 'तु' पूर्वीइतका जलद येणार नाही. खोटं सांगत नाही."

"बराबर हाय," भाऊजी म्हणाले. शेवटच्या कडव्याला बासरी ठेवा म्हणून बुवांनी सांगितलं तेव्हा म्हणाले होते, अगदी त्याच आवाजात. बाहेर ऑटोत बसल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, टोक गेल्यावर एकटं बूड काय करीन?"

भरती व्हायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत भाऊजींनी दुकान ताईंवर सोडलं आणि ते माळ्यावर जाऊन बसले. मॅडम म्हणाल्या होत्या, दुखलं की थांबायचं. ताई विचारत, "दुखून राह्यलं का?" आणि वरून उत्तर येई, "नाई." कधीही खोटं न बोलणारा माणूस त्या आठवड्यात रोज खोटं बोलला. सोमवारी भरती व्हायचं होतं. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मास्तर, चार वाजता येजा. आज बावीस होऊन राह्यलं. आतून समजते."

मी चार वाजता गेलो नाही.

घरून मी वेळेवर निघालो होतो. रेल्वे स्टेशनजवळ शाळेतला एक सहकारी भेटला, त्यानं चहाला ओढलं. पहिला चहा त्याच्या आग्रहाचा होता. दुसरा मी मागवला. त्याच्या बदलीबद्दल, त्याच्या बदलीच्या अर्जाबद्दल मी इतके प्रश्न विचारले की त्यालाही आश्चर्य वाटलं असेल. मला तो जिना चढायचा नव्हता. त्या पायरीवर उभं राहून, सव्वीस झाले असते तर "सव्वीस" असं त्या पाठीला सांगायची माझी हिंमत नव्हती. दुकानात पोचलो तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ताई काउंटरवर नाव टाकायचं यंत्र चालवत होत्या. समोर नाव टाकायचं भांडं नव्हतंच. एका जुन्या झाकणावर त्या नुसत्या रेघा ओढत होत्या, आणि त्या टर्रर्रमध्ये वरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. मी जिना चढलो. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा माळ्यावर शांतता होती. भाऊजी पाठमोरे बसले होते. खांदे वर-खाली होत होते. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "ऐकलं?"

त्या आवाजात जे होतं ते ऐकल्यावर दुसरं उत्तर देणारा माणूस मला माहीत नाही. मी म्हणालो, "ऐकलं."

"किती?"

"बावीस."

ते वळले. दोन्ही डोळे भरून वाहत होते, आणि तोंडभर हसू होतं. "म्हणलं होतं ना," ते म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. आजार वेळेवर सापडला, असं सगळे डॉक्टर म्हणाले. पुढचे काही आठवडे भाऊजींना बोलायची मनाई होती. एक वही दिली होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते त्या वहीत पहिली ओळ लिहून दाखवत: 'बावीस सेकंद झाले. मास्तरांनी ऐकले.' मंडळही भेटायला आलं. बुवांनी वही वाचली, आणि भाऊजींनी बोटानं माझ्याकडे दाखवलं: याह्यले विचारा. सात माणसं माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. सूर कसे एकेक वेगळे होते, तांदूळ निवडून ठेवल्यासारखे. वेग कसा वाढत गेला आणि तरी कुठं धाप नव्हती. शेवटचा सूर कसा थेट समेवर पडला. मला सम म्हणजे काय हेही धड ठाऊक नाही. बुवा पलंगाजवळ सरकले. मग भाऊजींच्या पांघरुणावर हात ठेवून म्हणाले, "मंग त्या दिवशी आम्हीच मांगं राह्यलो असतो, शेठ."

भाऊजी बरे झाले. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात, आणि अजून तरी सगळं ठीक आहे. बोलताना काही अक्षरं घसरतात. 'मास्तर' हा त्यांना सगळ्यात अवघड शब्द. म्हणून एक दिवस काही न सांगता ते मला भाऊ म्हणायला लागले. शाळेत दिवसभर शंभर पोरं मला सर म्हणतात, पण मास्तर म्हणणारा आता कोणी राहिला नाही, आणि ती हाक ऐकावीशी वाटते हे मी कोणाला सांगू? मॅडम गोव्याला परत गेल्या. अधूनमधून फोन करून "काका, तोंड उघडा बघू," असं म्हणतात, आणि भाऊजी फोनसमोर खरंच तोंड उघडतात. सगळे सांगतात, बासरीनं तुम्हाला वाचवलं. ते मान डोलावतात. एकदा मला म्हणाले, "वाचवलं, हाव. पण आपला हिस्सा घेऊन गेली."

गुरुवारी ते मंडळात जातात. आलाप वाजवतात. जीभ न लावता, नुसत्या फुंकेनं, एका सुरातून दुसऱ्यात असे उतरतात की मधली पायरी सापडत नाही. लोक म्हणतात, पहिल्यापेक्षा गोड वाजवतात. शेवटचं कडवं येतं, खंजिऱ्या उसळतात, आणि भाऊजी कोणी न सांगता बासरी मांडीवर ठेवतात. त्या वेळी त्यांचा गळा बारीकसा हलत असतो. मी बघतो तेव्हा ओठ मिटलेले असतात.

रविवारी चार वाजता मी अजूनही जातो. आता कधी उशीर करत नाही. ते पाच-दहा मिनिटं वाजवतात, मग बासरी बाजूला ठेवून म्हणतात, "भाऊ, सांगा बरं त्या दिवशीचं." मी सांगतो. कितीदा सांगितलं असेल! सांगता-सांगता त्यात भर पडत गेली आहे. कुठं श्वास घेतला, कुठं खालच्या भांड्यांत नाद घुमला, सगळं आता मला माहीत आहे. कधी-कधी रस्त्यानं चालताना ते कडवं माझ्या कानात वाजतं, अगदी स्पष्ट, आणि मग आठवतं की हे मी कधी ऐकलेलंच नाही. तो दुसरा चहा परत करता आला, तर त्या बदल्यात मी काय काय द्यायला तयार आहे, ते देवालाच ठाऊक.

गेल्या रविवारी सांगण्याच्या भरात मी म्हणून गेलो, "आणि एकवीस सेकंदांत कडवं संपलं."

भाऊजींनी मान वर केली. "त्या दिवशी बावीस म्हणलं होतं तुम्ही."

मी वीस वर्षं गणित शिकवतो आहे. आकडा चुकला असं मला म्हणता आलं असतं. पण मी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ढकललं. खाली ताई कोणा गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी बसवून दाखवत होत्या. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग नव्हता. त्यांनी बासरी फडक्यानं पुसली, आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "राहू द्या, भाऊ. कमी होऊन राह्यलं तं होऊ द्या."

मग माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ते वाजवायला लागले. या वेळी मी पहिल्या सुरापासून तिथं होतो.